पांढुर्णा आलं होतं

सौंसर
२६ ऑगस्ट १९८६

प्रिय दादा,

तुला आणि प्रतिभा वहिनींना नमस्कार, सुधाला आशीर्वाद. शुक्रवारची तार पाहून तुम्ही सगळे हवालदिल झाला असाल, म्हणून आधी तेच सांगते. मोरू सापडला. काल दुपारी त्याला घरी आणलं. अंगावर ओरखडासुद्धा नाही. या घडीला तो ओसरीत बसून पोहे खातो आहे आणि मी त्याच्यासमोर बसून हे लिहिते आहे.

झालं असं. नागपूरच्या डॉक्टरांना दाखवून गुरुवारी आम्ही पॅसेंजरने निघालो. बसने सरळ सौंसरला येता आलं असतं, पण देवका मावशीचा निरोप होता की गुडघे धरले आहेत, एकदा येऊन जा. म्हणून पांढुर्ण्याला उतरून तिच्याकडे मुक्काम करायचं ठरलं होतं. गाडी तिथे किती थोडी थांबते ते तुला माहीत आहे. गर्दी होती. मी उतरले आणि मोरू डब्यातच राहिला. ती गाडी आमल्यापर्यंतच जाते, तेव्हा तो आमल्याला उतरला. तिथे तुळशीराम नावाचा एक हमाल आहे. त्यानं याला फलाटावर बसलेला पाहिलं, घरी नेलं, चार दिवस ठेवून घेतलं, जेवू घातलं. मोरूच्या मनगटावर दोन दिवसांआधी बांधलेली राखी होती. ती पाहून त्या भल्या माणसाला वाटलं की याला बहीण आहे, ती शोधत येईल. मोरू त्याला 'सौंसर' एवढंच सांगत होता. शेवटी रेल्वेच्या शिपायासोबत त्याला पांढुर्ण्याला पाठवलं आणि तिथून आम्हाला निरोप आला.

तार मी गुरुवारीच करणार होते, पण ऑफिस बंद झालं होतं.

चूक कोणाची म्हणशील, तर मोरू स्वतःच सांगतो की तो झोपला होता. शिपायालाही त्यानं तेच सांगितलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. ठोकळे लावायला दिले, चित्रं दाखवली, रुपयाचे किती आणे असं विचारलं. मग मला म्हणाले, शरीर छत्तीस वर्षांचं आहे आणि समज सहा वर्षांची. अडीच वर्षांचा असताना आलेल्या त्या तापानं जे व्हायचं ते झालं, आता औषध नाही. तब्येत मात्र ठणठणीत आहे, सत्तरी सहज गाठेल. हे त्यांनी चांगली बातमी म्हणून सांगितलं.

बाकी सगळं ठीक. माझ्याकडे यंदा तिसरी दिली आहे, बावन्न मुली आहेत. भैय्याजींच्या बागेत संत्रं चांगलं धरलं आहे. तू लगेच धावून येऊ नकोस. रजा दसरा-दिवाळीला कामी येईल.

मोरूनं पोहे संपवले. आणखी मागतो आहे.

तुझी,
सरू


सौंसर
२० ऑक्टोबर १९८६

प्रिय दादा,

तू भिलाईला पोचल्याचं कार्ड आणि त्यामागून जबलपूरच्या मतिमंदांच्या संस्थेचा फॉर्म, दोन्ही मिळालं. वहिनींनी विणलेला स्वेटर मोरूला बरोबर बसला. तो ऑक्टोबरच्या उन्हातही काढत नाही.

फॉर्म वाचला. तीन पानं आहेत. शेवटच्या पानावर 'पालकाची सही' लिहिलं आहे तिथे तू पेन्सिलीनं फुली केली आहेस. सही अजून केली नाही. करते. सतरा नोव्हेंबरच्या आत पोचायला पाहिजे, हे लक्षात आहे.

फक्त दोन-तीन गोष्टी तुझ्या कानावर असाव्या. थंडीत त्याला खोकला होतो आणि तो सांगत नाही. ताटात वरण भाताला लागलं की तो जेवत नाही, वाटी वेगळी लागते. तिथे इतक्या जणांत हे कोण पाहणार? आणि सध्या तो भैय्याजींकडे संत्र्याच्या पेट्या भरायला बसतो. खाली तणस, वर एकसारखी फळं, मग पुन्हा तणस. लहान फळ मोठ्यात जाऊ देत नाही. भैय्याजी मला म्हणाले, बाई, मोरेश्वरच्या पेटीतलं एकही फळ नागपुरात दबलेलं निघत नाही. दुपारी मला शाळेत डबा तोच आणून देतो, आईच्या वेळेपासून देतो तसा. मुली त्याला मोरूभाऊ म्हणतात.

हे सगळं मी तू इथे असताना का नाही बोलले, असं म्हणशील. तू तीनच दिवस होतास, आणि तुझं ठरलं होतं.

तुझं चुकलं असंही मला म्हणवत नाही. तू म्हणालास, "सरू, तो आता ऐकेनासा झाला. आज गाडीतून उतरत नाही, उद्या विहिरीवर जाईल, तू शाळेत असशील." जे तुझ्यासमोर होतं त्यावरून दुसरं कोणी काय म्हणालं असतं? तू त्याला समोर बसवून विचारलंस, आणि त्यानं शिपायाला दिलं होतं तेच उत्तर तुला दिलं. अक्षरही बदललं नाही. तू हात धुवायला उठलास तेव्हा तो माझ्याकडे पाहून हसला. ते तू पाहिलं नाहीस.

तारेवर शुक्रवार संध्याकाळची वेळ कशी, हेही तू विचारलंस. मी म्हटलं ऑफिस बंद होतं. तू म्हणालास, शुक्रवारी सकाळी तर उघडलं असेल. तेवढ्यात सणाला आलेली मावशी आत आली आणि ते तिथेच राहिलं.

तो ऑगस्टपासून बदलला आहे, हे मात्र खरं. आधी मी बाजारात निघाले तर तो मान वर करत नसे. आता विचारतो, किती वेळ? मी अर्धा तास म्हटलं की घड्याळाखाली जाऊन बसतो. त्याला घड्याळ येत नव्हतं, दादा. मोठा काटा कुठून कुठे गेला म्हणजे अर्धा तास, हे त्यानं दोन महिन्यांत स्वतःहून शिकून घेतलं. डॉक्टरांच्या ठोकळ्यांत ते आलं नसतं. माझी पिशवी तो आपल्या उशाशी ठेवतो. शाळा सुटताना फाटकापाशी उभा असतो, पेट्या अर्ध्या टाकून येतो.

रविवारी घर झाडताना मला फार जुनं आठवलं. मी पाच-सहा वर्षांची होते तेव्हा तो माझा मोठा भाऊ होता. मला चिंचेवर चढवणारा, माझ्या भांडणात पुढे होणारा. आम्ही एकाच पाटीवर एकच चित्र काढायचो. मग मला सातवं लागलं. बाबांनी मला पाढे दिले, त्यालाही दिले. माझे झाले, त्याचे झाले नाहीत. त्या उन्हाळ्यात मी त्याच्याहून मोठी झाले. मला ते कळलं, आणि त्यालाही कळलं असावं, कारण त्यानंतर त्यानं माझ्याशी कुस्ती खेळणं सोडलं. मला वाटलं, तो मला घाबरतो. मला त्याची लाज वाटायची, तीही तेव्हापासूनच.

त्याच उन्हाळ्यात तू भिलाईला गेलास. आईनं तुझ्यासोबत लाडू दिले होते. मोरू तुझ्या ट्रंकेवर बसला होता आणि बाबांनी त्याला उचलून बाजूला ठेवलं होतं.

असो. सही करते, दिवाळी झाली की पाठवते.

तुझी,
सरू


सौंसर
९ नोव्हेंबर १९८६

दादा,

आज खुशाली नंतर. फॉर्म या पत्रासोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही. का, ते खाली लिहिलं आहे. शेवटपर्यंत वाच, मग हवं ते कर. वहिनींना दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

मोरू झोपला नव्हता.

त्याला पांढुर्ण्याचं स्टेशन लहानपणापासून ओळखू येतं. आई त्याला दरवर्षी मावशीकडे न्यायची. वाचता येत नसलं तरी गाडी कुठे हळू होते, फलाट कोणत्या बाजूला येतो, सगळं त्याला पाठ आहे. त्या दिवशी गाडी हळू झाली तशी त्यानं पिशवी खांद्याला लावली, उभा राहिला आणि म्हणाला, "पांढुर्णा आलं, सरू."

मी म्हटलं, "नाही आलं. पुढचं आहे. बस."

स्टेशनची पाटी खिडकीच्या समोर होती. त्यानं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बसला. पिशवी मांडीवर घेतली. मी त्याला म्हटलं, बाटलीत पाणी भरून आणते. मी उतरले. गर्दी नव्हती. फलाटावर पाच-सहा माणसं असतील. मी नळापाशी गेले, बाटली भरली, झाकण लावलं आणि तिथेच उभी राहिले. शिट्टी झाली. डबा माझ्या पुढून गेला. तो खिडकीचे गज धरून होता. त्यानं हाक मारली नाही. माझ्या वर्गात एखादीचं उत्तर चुकतं आणि काय चुकलं ते तिला कळत नाही, तसं त्याचं तोंड झालं होतं. गाडी गेली.

तू विचारशील, ठरवून केलंस का? मी स्वतःला अडीच महिने हेच विचारते आहे. घरून निघताना मनात काही नव्हतं. डॉक्टर सत्तरी म्हणाले तेव्हा मी मनात वजाबाकी केली. आणखी चौतीस वर्षं. तेव्हा मी सहासष्ट वर्षांची असेन. त्यांच्या खोलीतून बाहेर येईस्तोवर हे माझ्या अंगात बसलं होतं. गाडीत आमच्यासमोर एक बाई होती, सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी. मोरू आणि ती पोरगी तिकिटाची घडी घालत, उलगडत खेळले. थोड्या वेळानं पोरीला कंटाळा आला, ती आईच्या मांडीवर जाऊन बाहेर पाहू लागली. मोरू घडी घालतच राहिला. त्या बाईनं हळूच मला विचारलं, तुमचे कोण हे? मी म्हटलं, कोणी नाही, ओळखीच्यांचे आहेत, पोचवायला चालले.

ती काटोलला उतरली. मला वाटतं, तिला ते उत्तर दिलं तेव्हाच माझा एक पाय डब्याबाहेर पडला होता.

मावशीकडे मी गेलेच नाही. स्टँडवर सौंसरची बस लागली होती, तीत बसले. खिडकीशी जागा मिळाली. दादा, हे लिहिणं सगळ्यात कठीण आहे. मला आनंद झाला. घाटात वारा तोंडावर येत होता आणि मी बत्तीस वर्षांची बाई, कोणाला काही सांगायचं नाही, कोणाची नाकं पुसायची नाहीत, म्हणून सुखानं बसले होते. घरी आले. खिचडी टाकली. एकटीसाठी किती तांदूळ घ्यायचे ते हाताला समजेना, जास्तच झाली. जेवले आणि मला झोप लागली. शुक्रवारी सकाळी शाळेत गेले, हजेरी घेतली, सातचा पाढा म्हणवून घेतला.

मधल्या सुट्टीत छाया नावाची एक पोरगी दारात येऊन म्हणाली, "बाई, आज मोरूभाऊ डबा घेऊन नाही आले?" मी हातातला खडू ठेवून उठले. तेव्हा मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, तेव्हा पोलिसांत गेले, तेव्हा तुला तार केली. एक रात्र आणि अर्धा दिवस तो कुठे असेल याचा मी विचारही केला नव्हता. तार ऑफिस गुरुवारी उघडं होतं की बंद, मला माहीत नाही. मी त्या रस्त्यानं गेलेच नव्हते.

आता सोमवारचं. पांढुर्ण्याच्या चौकीत मी पोचले तेव्हा तो बाकावर बसला होता, हातात कोणीतरी दिलेलं बिस्कीट. शिपाई तरुण होता, पण बोलायला कडक. मला म्हणाला, "बाई, असा माणूस संग असून तुम्ही एकट्या उतरल्याच कशा? सोडून दिलं की काय?" हिंदीत आणखी दोन शब्द बोलला. तेव्हा मोरू उठला आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"सरू म्हणे उतर. म्याच नाही उतरलो. म्या झोपलो होतो."

शिपायाकडे पाहून बोलला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याचे कान लाल झाले होते.

मोरू आयुष्यात कधी खोटं बोलला आहे का, तूच आठवून पाहा. आई म्हणायची, या घरात गूळ चोरायची सोय नाही, मोरेश्वर सांगून टाकतो. छिंदवाड्याला ट्रेनिंगला असताना आम्हाला बाल मनोविज्ञानाचं पुस्तक होतं. कोणत्या वयात मूल काय शिकतं, त्याच्या पायऱ्या दिल्या होत्या. मार चुकवायला मूल चौथ्या-पाचव्या वर्षी खोटं बोलू लागतं, असं त्यात होतं. पण दुसऱ्याला मार पडेल हे ओळखून, त्याची चूक आपल्या अंगावर घ्यायची, ही पायरी त्या पुस्तकात फार वर लिहिलेली होती, आणि बाई शिकवताना म्हणाल्या होत्या की कित्येक मोठी माणसं तिथे पोचत नाहीत. मी परीक्षेत ते लिहून चांगले मार्क घेतले आहेत. तो आमल्यात परक्यांच्या घरी चार दिवस राहिला. त्या चार दिवसांत त्यानं ठरवलं असेल की विचारलं तर काय सांगायचं. तुळशीरामनंही विचारलं होतं, संग कोण होतं. त्यालाही यानं सांगितलं, कोणी नाही.

आम्ही दोघांनी एकच उत्तर दिलं, दादा. मी त्या बाईला आणि त्यानं तुळशीरामला.

आणि मी हे खोटं वापरलं. तुला लिहिलं की तो स्वतःच सांगतो. दसऱ्याला तू त्याला विचारलंस तेव्हा मी तिथे ताटं वाढत होते. त्याच्या त्या एका वाक्यावर तू जबलपूर ठरवलंस. माझ्यासाठी तो खोटं बोलला आणि त्यासाठीच त्याला घराबाहेर काढायचं ठरलं, आणि मी वरण वाढत राहिले. मनातल्या मनात म्हटलंही की आता हे माझ्या हातून होत नाही, दादाच्या हातून होतं आहे.

गेल्या गुरुवारी मी फॉर्म घेऊन त्याच्याजवळ बसले. सही करायचीच, पण त्याला सांगून, असं ठरवलं होतं. तो अंगणात भैय्याजींच्या रिकाम्या पेट्यांचे खिळे ठोकत होता. मी सांगितलं, दादा तुला जबलपूरला ठेवणार आहे, तिथे खूप जण आहेत, बाग आहे.

"गाडीनं?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.

"तू कुठं उतरशील?"

मी म्हटलं, मी तुला पोचवीन आणि परत येईन. तो बराच वेळ ठोकत राहिला. मग हातोडी खाली ठेवली आणि अगदी हळू, कोणी ऐकेल म्हणून बोलतात तसा म्हणाला, "दादाले सांगू नको."

"काय नको सांगू?"

"पांढुर्णा आलं होतं, ते."

मी विचारलं, तू का खोटं बोललास? तो म्हणाला, तो शिपाई तुले घेऊन गेला असता. मी विचारलं, गाडीत भीती वाटली का? त्यानं मान हलवली. नंतर बरंच काही सांगितलं, आजवर सांगितलं नव्हतं ते. गाडीतल्या एका माणसानं त्याला आपल्या जागेवरून उठवलं म्हणून तो दाराशी उभा होता. आमल्याला सगळे उतरले म्हणून तो उतरला. आमल्यात दिवा नव्हता तेव्हा त्यानं आईला हाक मारली, मग त्याला आठवलं की आई मेली. हे सगळं त्यानं खिळे डब्यात भरता भरता सांगितलं. आई गेली तेव्हा तू म्हणाला होतास, याला काही कळत नाही, एका अर्थी बरंच आहे. मीही तेच म्हटलं होतं.

शेवटी तो म्हणाला, "पुन्हा नको करू, सरू."

मी हो म्हटलं.

पण तुला खरं सांगायचं तर त्या 'हो'ची मला खात्री नाही. मी वाईट आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. थकले आहे, एवढं ठाऊक आहे. आई गेल्यापासून मी एक दिवस एकटी राहिले आणि तो दिवस मी अशा रीतीनं मिळवला. म्हणून मी तुझ्याकडे मागत नाही, सांगते आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन महिने मोरू तुझ्याकडे भिलाईला राहील. तूच न्यायला यायचं आणि तूच आणून सोडायचं. घर लहान आहे, सुधाची परीक्षा आहे, वहिनींना झेपत नाही, हे सगळं मला माहीत आहे. तू विसाव्या वर्षी गेलास त्याला आपण नोकरीला गेला म्हटलं, आईनं लाडू बांधून दिले. मी दोन मिनिटांसाठी उतरले त्याला काय म्हणतात, हे तू आणि मी दोघंही जाणतो. तुझं जाणं आणि माझं उतरणं सारखं नाही, ते कबूल. पण मागे राहिलेला दोन्ही वेळेस तोच होता.

देवका मावशीला मी शुक्रवारी जाऊन सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाठ केली आणि मी निघेपर्यंत वळली नाही. काल सकाळी गुडघे धरून, बोचकं घेऊन बसने इथे आली. उंबऱ्यातच म्हणाली, तुझ्यासाठी नाही आली, त्याच्यासाठी आली. संक्रांतीपर्यंत राहते म्हणते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

मोरू माझ्यावर चिडला आहे. तुला सगळं लिहून राहिली आहे असं मी त्याला काल सांगितलं. त्यानं आधी माझ्या हातातला कागद ओढायचा प्रयत्न केला, मग ताट सारून उठला. "म्या सांगू नको म्हटलं होतं," एवढंच म्हणत होता. काल दोन्ही वेळा जेवला नाही. आज सकाळी मावशीच्या हातून थोडं खाल्लं. माझी पिशवी त्यानं उशाशी ठेवली नाही, खुंटीला अडकवली. तो माझ्यावर असा कधी चिडला नव्हता. छत्तीस वर्षांच्या माणसाला चिडायचं असतं तसा तो चिडला आहे, आणि मी त्याची समजूत घालायला गेलेले नाही. त्याचा राग त्याच्याकडे राहू दे.

तुला यायचं असेल तर ये. मला काय बोलायचं ते मावशीसमोर बोल, मी ऐकेन. पण मोरूला समोर बसवून पुन्हा विचारू नकोस. तो पुन्हा तेच सांगेल, त्याचे कान पुन्हा लाल होतील, आणि ते मला पाहवणार नाही.

हे पाकीट उद्या सकाळी शाळेत जाताना टाकते. तुझं उत्तर येईपर्यंत मी रोज टपालाची वाट पाहीन. आलं नाही, तरी मे महिन्याचं मी सांगितलं ते तसंच आहे.

आपल्या भावाला डब्यात बसवून उतरलेली,
सरला